सुट्टी लागायच्या आधी आमच्या वर्गांत काय चाललंय

चौथीच्या वर्गात सध्या १/२ आणि १/४ ची बेरीज गाजते आहे. बऱ्याच मुलांचं उत्तर आलं २/६. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. आजवर त्यांनी जशी बेरीज केली, तशीच इथेही केली. म्हणून मी लगेच काट मारली नाही. सगळ्यांना सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. एक मधोमध दुमडायची, एकीचे चार भाग करायचे, एकीचे सहा. मग अर्ध्या पट्टीच्या शेजारी सहातले दोन भाग ठेवायला सांगितले. ते अर्ध्यापेक्षा आखूड निघाले. "बाई, अर्ध्यात अजून घातलं तर कमी कसं होईल?" एक मुलगी जागेवरून उठून म्हणाली. मला जे शिकवायचं होतं ते सगळं तिच्या त्या प्रश्नात आलं.

तुकडे सारख्या मापाचे केल्याशिवाय एकत्र मोजता येत नाहीत, अर्ध्याचे दोन पाव केले की एकूण तीन पाव होतात, हे आता वर्गाला पटलं आहे. पण पट्टी हातात असते तोवरच. पट्ट्या गोळा करून १/३ आणि १/४ दिले की काही वह्यांत पुन्हा २/७ दिसतं. सुट्टी तोंडावर आली की घरून प्रश्न येतो, "बाई, पोर्शन पूर्ण झाला का?" पाठ सगळे झालेत. पण कोणाला पट्टीशिवाय जमतं आणि कोणाला अजून पट्टी लागते, हे "पूर्ण झाला" म्हटल्यावर झाकलं जातं. सुट्टीआधीचे दिवस हेच बघण्यासाठी ठेवावेत, शेवटच्या तासाला नवा धडा उरकू नये, असं माझं ठाम मत आहे.

तिसरीत ३०२ वजा १७८ सुरू आहे. मधल्या शून्यापाशी मुलं अडतात. सर्वांत जास्त आलेलं चुकीचं उत्तर २७६. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, तीनातून एक गेला दोन: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता हे बघितलंच नाही. आम्ही काड्या घेऊन बसलो. शंभराचा एक गठ्ठा सोडला, दहा-दहाचे दहा गठ्ठे झाले. त्यातला एक सोडला, दहा सुट्ट्या काड्या आल्या आणि दशकाच्या घरात नऊ गठ्ठे राहिले. ते नऊ डोळ्यांसमोर दिसणं फार महत्त्वाचं. "शून्यावर नऊ लिहायचं" एवढंच पाठ केलेलं मूल ४००५ आलं की पुन्हा अडकतं.

त्यांना लावलेली दुसरी सवय म्हणजे ताळा. उत्तरात १७८ मिळवून बघायचं. २७६ मध्ये मिळवले तर ४५४ येतात, १२४ मध्ये मिळवले तर बरोबर ३०२. आता मुलं माझ्याकडे वही घेऊन धावत येत नाहीत, स्वतःच खोडून पुन्हा करतात. मला विचाराल तर तिसरीचं या सत्रातलं सगळ्यात मोठं शिक्षण हेच.

याच वर्गाने घेवड्याच्या बिया रुजवल्या आहेत. काही बिया पारदर्शक पेल्याच्या कडेला ओल्या कागदात, मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवल्या: काही उताण्या, काही पालथ्या, काही आडव्या. आधी मूळ बाहेर आलं, आणि बी कशीही ठेवलेली असो, ते वळून खालीच गेलं. मुलं मधल्या सुट्टीत पेले फिरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मुळाला आलेलं वळण बघायची. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं.

खरी चर्चा झाली ती मातीतल्या रोपांवर. काही खिडकीत ठेवली, काही बंद कपाटात. पट्टीने मोजून तक्ता भरला तर कपाटातली रोपं जास्त उंच! वर्गाने निष्कर्ष काढून टाकला: झाडाला अंधार आवडतो. आकडे तेच सांगत होते, त्यामुळे नाही म्हणायला मला घाई नव्हती. मी एवढंच विचारलं, की उंचीशिवाय अजून काय काय बघता येईल. मग रंग आला: पिवळट, फिकट. खोडाची जाडी आली. पानं इवलीशी आहेत, रोप उभं राहत नाही, कलंडतं, हे आलं. एका मुलाने बीचे दोन्ही भाग सुरकुतून बारीक झाल्याचं दाखवलं. "शिदोरी संपत आली," तो म्हणाला. अगदी तसंच असतं. अंधारात हरितद्रव्य तयार होत नाही, रोपाला स्वतःचं अन्न करता येत नाही. बीजदलांत साठवलेल्या अन्नावर ते भराभर लांब होत उजेड शोधतं. एकच माप घेऊन निर्णय देऊ नये, हे आठ वर्षांच्या मुलांना स्वतःच्या तक्त्यातून कळलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

दुसरीत जोडाक्षरं, आणि त्यात र. सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या: एकच र, आणि चार ठिकाणी चार रूपं. वाचताना जमतं, श्रुतलेखनात रफार अलीकडच्या अक्षरावर जाऊन बसतो. पहिलीत दहाचे जोडीदार चाललेत: सात म्हटलं की तीन, सहा म्हटलं की चार. दहा बटणं पसरून ठेवली की काहींना ती वाढल्यासारखी वाटतात आणि ती पुन्हा एकपासून मोजतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी मुलांच्या याच समजुतीचा अभ्यास केला होता. त्यावर भाषण देऊन उपयोग नाही. पसरायची, गोळा करायची, मोजायची, एवढंच पुन्हा पुन्हा करायचं.

आता सुट्टीच्या अभ्यासाचं. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मोठ्या सुट्टीवर झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. सरासरी साधारण महिन्याभराच्या शिक्षणाइतकी घट दिसली, आणि सर्वांत जास्त फटका आकडेमोडीला आणि शुद्धलेखनाला बसला होता. मला ते पटतं. पायऱ्या लक्षात ठेवून करायच्या गोष्टी वापरात नसल्या की आधी त्याच निसटतात. पण म्हणून गणितांनी भरलेली जाडजूड पुस्तिका द्यायची हे मला मान्य नाही. शाळा उघडायच्या आदल्या रात्री आईबाबा शेजारी बसून ती पुरी करून घेतात, आणि चुकीची पद्धत असेल तर तीच पक्की होऊन येते.

तिसरीला मी सांगितलंय की वजाबाकी स्वतः तयार करायची, वरच्या संख्येत निदान एक शून्य हवं, आणि ताळा करून बघायचा. रोज एक पुरे. चौथीने दिसेल त्या कागदाचे समान भाग करून बघायचे. तीन समान घड्या घालणं किती अवघड असतं ते करूनच कळतं. लहान वर्गांच्या पालकांना विनंती आहे, की मूल मोठ्याने वाचत असेल तेव्हा नुसतं ऐकून घ्या. शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोजा. बऱ्याचदा तेवढ्यात ते स्वतःच वाचतं. लगेच सांगून टाकलं, तर पुढच्या अडलेल्या शब्दाला ते अक्षरांकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघतं.

रोपं मुलं घरी नेणार आहेत. कपाटातल्या रोपांचं काय करायचं यावर वर्गात मतदान झालं आणि ती उजेडात ठेवायची ठरली. ती हिरवी होतात का, आणि होणार असतील तर आधी पानं की खोड, हे बघून लिहून आणायचं आहे. मुलांनी आपापले अंदाज वहीत आधीच लिहून ठेवलेत, ते बदलायचे नाहीत असंही त्यांनीच ठरवलंय.

शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी पुस्तक काढणार नाही. प्रत्येक वर्गाला कोऱ्या कागदावर आधीच्या सत्रातली थोडी गणितं आणि थोडे शब्द, न बघता, गुण न देता. त्यात ज्यांचं २/७ पुन्हा दिसेल, त्यांच्यासाठी पट्ट्या मी कापून ठेवल्या आहेत.