पुढे किती, मागे किती?

लहानपणी सांगलीत वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून पेट्रोल पंपावर गेलो, की हवा भरणारा मुलगा मान वर न करता एकच प्रश्न विचारी, ‘पुढे किती, मागे किती?’ आणि वडील पाढे म्हटल्यासारखे दोन आकडे सांगून मोकळे होत. त्या आकड्यांवर कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. ती वेळ माझ्यावर चाळीस वर्षांनी आली. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, मी १९९४ सालची माझदा मियाटा विकत घेतली. दोन आसनांची, कापडी टपाची ही गाडी घरच्यांच्या मते वयाला न शोभणारी आहे. ड्रायव्हरचे दार उघडले की आत चिकटवलेल्या पट्टीवर चारही चाकांसाठी एकच आकडा छापलेला दिसतो : २६ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला सव्वीस पौंड हवेचा दाब.

घरातल्या दुसऱ्या, चारचौघांसारख्या गाडीत मी ३३ भरत आलो होतो. त्यामुळे स्पोर्ट्स कारला सव्वीसच का, हे मला कोडे वाटले. पट्टीवर छापताना चूक झाली असावी, अशी शंकाही येऊन गेली. कागद घेऊन हिशेब मांडल्यावर ती फिटली. माझ्यासकट गाडीचे वजन सुमारे १,०८० किलो आणि सव्वीस पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.८३ किलो. टायरच्या भिंतीचा स्वतःचा ताठपणा बाजूला ठेवला, तर एकाला दुसऱ्याने भागून जवळपास ५९० चौरस सेंटिमीटर येतात. चारही टायर मिळून रस्त्याला टेकतात ती जागा ए-फोर आकाराच्या एका कागदाहूनही थोडी कमीच आहे. हवा बत्तीस केली, की त्या कागदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा आपण आपल्या हाताने फाडून टाकतो. गाडी हलकी आहे म्हणून तिला हवा कमी लागते, इतके हे सरळ आहे. टायरच्या भिंतीवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा आकडा नव्हे. तरीही तो वाचून हवा भरणारी शिकलेली माणसे मी पाहिली आहेत.

अर्थात हिशेब पटला म्हणून हाताची खाज जात नाही. मी बत्तीस भरून पाहिले. स्टिअरिंग हलके आणि तल्लख झाले खरे, पण हिवाळ्याने उखडलेल्या इथल्या रस्त्यांवर गाडी तव्यावरच्या फुटाण्यासारखी उडू लागली आणि ह्यूरन नदीच्या काठाने डेक्स्टरकडे जाणाऱ्या वळणांवर मागची चाके, नको तिथे, किंचित सरकल्याचे जाणवले. मग चोवीसवर उतरलो, तर गाडी वळण्याआधी विचार करते आहे असे वाटू लागले.

या प्रयोगांत माझी खरी फजिती थर्मामीटरने केली. एप्रिलमधल्या एका सकाळी गॅरेजच्या अठरा अंशांच्या उबेत मी चारही टायर मोठ्या निगुतीने सव्वीसवर आणले आणि बाहेरच्या दोन अंशांत गाडी तासभर उभी करून ठेवली. परत आल्यावर हवा मोजायचे गेज चोवीसच्याही खाली. दर दहा अंशांमागे दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो, हे शाळेत शिकलेल्या वायूच्या नियमातून निघते, पण शाळेत ते टायरशी जोडून कुणी शिकवले नव्हते. उलटही तितकेच खरे. वळणावळणांतून अर्धा तास पळवून आणलेल्या गाडीचे टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतात आणि ते पाहून कुणी हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी असतात. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी. रेस ट्रॅकवर जाणारे मात्र तापलेल्या टायरचाच आकडा धरून चालतात आणि दर फेरीनंतर थोडी थोडी हवा सोडतात. त्यांचे शास्त्र वेगळे.

पुढे आणि मागे वेगवेगळे आकडे का, याचे उत्तर माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या विलो रन इथल्या कारखान्यात सापडते. शेव्हरोलेची कॉर्व्हेर ही गाडी १९६० च्या मॉडेलपासून तिथे बनू लागली. तिचे इंजिन मागे होते आणि मागच्या चाकांची बांधणी अशी, की जोरात वळताना शेपूट निसटण्याची भीती. यावर कंपनीने शोधलेला उपाय हवेचा होता : पुढे १५, मागे २६. पुढचे टायर मऊ ठेवले, की त्यांची पकड आधी सुटते, गाडी कमी वळते आणि शेपूट जागेवर राहते. कागदावर हे चोख होते. पण पंपावरच्या माणसाला पंधरा हा आकडा पंक्चर झाल्यासारखा दिसे आणि तो सवयीने चारही टायर सारखे फुगवून देई. १९६५ साली ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी या गाडीवर कडाडून टीका केली. त्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये मागची बांधणी बदललेली होती. पुढे १९७२ च्या सरकारी अहवालाने जुनी कॉर्व्हेरही समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले, तरी गाडीचा तोल हवा भरणाऱ्या मुलाच्या भरवशावर सोडणे मला आजही पटत नाही. आमच्या सांगलीच्या पंपावर निदान प्रश्न तरी विचारला जात असे.

शेवटी एका अनुभवी मित्राने मला युक्ती सांगितली : टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून भिंत सुरू होते, तिथे पांढरे पॉलिश ओढायचे, मोकळ्या मैदानात जोरात वळायचे आणि ते कुठवर पुसले गेले ते पाहायचे. भिंतीवरचेही पुसले गेले तर हवा कमी, कडेपर्यंतही पोचले नाही तर जास्त. पॉलिश तेच, पी.टी.च्या कॅनव्हासच्या बुटांना रविवारी रात्री लावायचो ते, त्याच ओल्या खडूच्या वासाचे. गुडघ्यावर बसून मी ते चार टायरना लावत असताना शेजारचे गृहस्थ कुत्र्यासह दोन मिनिटे थांबून पाहत होते आणि काही न विचारता निघून गेले.

तीन शनिवार आणि एक अख्खी बाटली खर्ची पडल्यावर माझ्या वहीत नोंद झाली आहे : पुढे २७, मागे २६. म्हणजे इतका खटाटोप करून मी दारावरच्या पट्टीपासून एका पीएसआयने हललो आहे, आणि तेही फक्त पुढे. माझ्या गेजमध्ये एवढी चूक सहज असू शकते.