पुसलेली किल्ली

"मॅडम, एक विचारू? शेवटी आपण सोर्सचा अख्खा फोल्डर उडवतो. चारशे एमबीचा आहे तो. मग इमेज तेवढीच कशी राहते?"

नव्याने रुजू झालेल्या मुलाने हे विचारलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. ग्राहकाच्या सर्व्हरना इंटरनेट नव्हतं, त्यामुळे इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं बांधून ठेवणारा डॉकरचा गठ्ठा, डॉकर सेव्हने टार फाइलमध्ये (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या एका फाइलमध्ये) घेऊन पाच वाजता पाठवायची होती. घाई होती, पण प्रश्न चांगला होता. मी त्याला शेजारी बसवलं आणि टर्मिनलवर डॉकर हिस्टरी चालवली. इमेज कुठल्या ओळींनी बनली आणि कुठल्या ओळीने किती जागा घेतली, ते ती दाखवते.

सोर्स उतरवून घेणाऱ्या गिट क्लोनच्या ओळीपुढे ४१२ एमबी दिसत होतं आणि तो पुसणाऱ्या आरएमच्या ओळीपुढे शून्य. डॉकरफाइलमधली, म्हणजे इमेज कशी बनवायची ते लिहिलेल्या फाइलमधली, रन किंवा कॉपीची प्रत्येक ओळ एक लेयर तयार करते, असं मी त्याला सांगत होते. लेयर म्हणजे एक टार फाइलच. त्या ओळीने जे बदललं तेवढंच तिच्यात असतं. लेयर एकदा तयार झाली की पुढची कुठलीही ओळ तिला हात लावू शकत नाही. तिच्या मजकुरावरून एसएचए-२५६ डायजेस्ट, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक आकडा, निघतो आणि त्यावरूनच ती ओळखली जाते. मग आरएमने काय होतं? वरच्या लेयरमध्ये एक रिकामी फाइल येते, तिचं नाव डॉट-डब्ल्यूएच-डॉटने सुरू होतं. तिला व्हाइटआउट म्हणतात. एयूएफएस नावाच्या जुन्या फाइलसिस्टिमची ही पद्धत ओसीआय या इमेजच्या खुल्या प्रमाणातही तशीच आली. ती खूण असली की कंटेनर, म्हणजे चालू केलेली इमेज, खालची फाइल दाखवत नाही. फाइल मात्र असते तिथेच.

"म्हणजे पुसलेलं काहीच जात नाही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि माझी नजर क्लोनच्या वरच्या ओळीवर गेली. कॉपीची ओळ. आमचा कोड खासगी रिपॉझिटरीत होता. क्लोन करायला एसएसएचची खासगी किल्ली, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी गुप्त फाइल, लागायची. ती कॉपी करून आत न्यायची, क्लोन करायचं आणि सोर्ससोबत तीही आरएमने पुसायची. ही डॉकरफाइल मीच लिहिली होती.

हातापायातलं बळ गेलं. तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहवेना. टार फाइल रिकाम्या फोल्डरमध्ये उघडली, मॅनिफेस्टमधून, म्हणजे तिच्यातल्या लेयरच्या यादीतून, क्रम घेतला आणि एकेक लेयर टारनेच उलगडत गेले. सहाव्या लेयरमध्ये ती होती. "बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की" ही पहिली ओळ आणि खाली पूर्ण किल्ली, जशीच्या तशी. ती काढायला ना पासवर्ड लागला, ना कुठलं खास साधन. दहाव्या लेयरमध्ये तिच्या नावाची रिकामी व्हाइटआउट फाइल होती. कंटेनर चालवून आत एलएसने फाइलींची यादी पाहिली तर किल्ली दिसत नव्हती, आणि आम्ही आजवर तेवढंच तपासत आलो होतो.

आजची टार अजून गेली नव्हती. पण सहा आठवड्यांपूर्वीची आवृत्ती रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज ठेवायच्या सर्व्हरवर, होती आणि दोन बाहेरच्या टीमनी ती पुल केलेली, म्हणजे उतरवून घेतलेली होती. त्यातून त्या किल्लीला कोड नुसता वाचायची नाही, लिहायचीही परवानगी होती.

मी टीमलीडकडे गेले. तो म्हणाला, "आधी किल्ली रद्द कर." मी थांबले. त्याच किल्लीवर आमचे सगळे बिल्ड चालत होते. ती काढली तर सगळंच बंद पडणार. मला वाटलं, आधी इमेज दुरुस्त करून त्याच टॅगने, म्हणजे त्याच नावाने, रजिस्ट्रीत पुश करू, किल्लीचं नंतर पाहू. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी, कारण या वेळी मला सगळं माहीत होतं.

दुरुस्तीही पहिल्या झटक्यात सुचली नाही. कोणीतरी म्हणालं, किल्ली बिल्ड आर्ग्युमेंटमधून, म्हणजे बिल्डच्या आज्ञेसोबत दिलेली किंमत म्हणून दे. ते नकोच होतं: रनच्या ओळीला दिलेली आर्ग्युमेंटची किंमत डॉकर हिस्टरीत सरळ वाचता येते. क्लोन आणि आरएम एकाच रनमध्ये जोडून सोर्सचा प्रश्न सुटला असता, पण किल्ली कॉपीच्या स्वतंत्र लेयरमध्ये आलेली, ती राहिलीच असती.

खरा उपाय डॉकरमध्ये १८.०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून होता. बिल्डकिट हे डॉकरचं नवं बिल्ड-इंजिन वापरून रनच्या ओळीला माउंटचा प्रकार एसएसएच द्यायचा आणि बिल्ड करताना एसएसएचचा पर्याय लावायचा. मग बिल्डच्या आत किल्ली येतच नाही. येतं ते फक्त बाहेरच्या एसएसएच-एजंटशी, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमशी, बोलायचं सॉकेट, आणि तेही ती एक ओळ चालू असेपर्यंत. सर्व्हरने ओळख मागितली की सही एजंट बाहेरच करतो. हे मला फार सुंदर वाटतं. जी वस्तू आत आलीच नाही, ती पुसायचा प्रश्नच उरत नाही. इमेज बनवणाऱ्या बिल्डा (Buildah) या दुसऱ्या साधनातही हाच पर्याय आहे.

पहिला बिल्ड "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड" म्हणून पडला. समोरचा सर्व्हर खरा आपलाच आहे का, ही ती तपासणी. जुनी डॉकरफाइल ती बंद करूनच क्लोन करत होती. तेही पाप माझंच. आता गिट सर्व्हरची सार्वजनिक किल्ली नोन-होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरच्या यादीत घातली. आधी तिचा फिंगरप्रिंट सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडून ताडून घेतला. सोबत मल्टी-स्टेज बिल्ड केलं: पहिल्या टप्प्यात क्लोन आणि कंपाइल, दुसऱ्यात फक्त तयार प्रोग्रॅम. दीड जीबीची इमेज दोनशे एमबीच्या आत आली. त्या मुलाच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

त्याच टॅगने पुश केलं आणि मी म्हणाले, "झालं."

तो मुलगा मात्र स्क्रीनकडे बघत होता. "मॅडम, जुनी इमेज अजून येते." त्याने जुना डायजेस्ट देऊन पुल केलं होतं आणि ती निमूट उतरली होती. टॅग म्हणजे नुसती चिठ्ठी. ती नव्या इमेजवर चिकटवली म्हणून जुनी रजिस्ट्रीतून जात नाही. जुना मॅनिफेस्ट काढून गार्बेज कलेक्शन, म्हणजे वापरात नसलेलं साफ करणं, चालवलं तर आमच्याकडची जाईल, पण पुल केलेल्या प्रती बाहेर होत्याच.

मग मी काही न बोलता गिट सर्व्हरवरून ती किल्ली काढून टाकली. पाच मिनिटांत सगळीकडचे बिल्ड लाल झाले. नव्या किल्ल्या केल्या, प्रत्येक प्रकल्पाला वेगळी आणि फक्त वाचण्यापुरती. टीमलीडने ग्राहकाला फोन करून उशीर होतोय आणि का होतोय ते स्पष्ट सांगितलं. दोन्ही टीमनाही कळवलं. सर्व्हरचे लॉग आम्ही तिघांनी मिळून चाळले. त्या किल्लीने आलेला प्रत्येक पत्ता आमच्याच बिल्ड मशीनचा होता. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नवी टार पाठवण्याआधी तिची प्रत्येक लेयर उलगडून "प्रायव्हेट की" हे शब्द शोधणारी छोटी स्क्रिप्ट त्या मुलाने लिहिली. आधी ती जुन्या टारवर चालवली: सहाव्या लेयरवर थांबली. मग नव्यावर: काही नाही. ती आता प्रत्येक पुशच्या आधी चालते.

टार सात-चाळीसला गेली. सगळे उठले तरी मी बसून राहिले. जुन्या टारमधून काढलेली ती किल्ली अजून माझ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये होती. तीच देऊन क्लोन करून पाहिलं. "परमिशन डिनाइड, पब्लिक की." पुन्हा एकदा केलं, तेच उत्तर आलं. मग फोल्डर पुसला आणि मशीन बंद केलं.