प्राइड, ऊन आणि एक आजी

आज प्राइडमध्ये, म्हणजे आम्हा समलिंगी, ट्रान्स अशा सगळ्यांच्या अभिमान मोर्चात चालले. जंगली महाराज रस्ता, डेक्कन, गुडलक चौक. ढोल होताच, पुण्यात त्याशिवाय काही निघतं का! पण घोषणा नुसत्या नाचण्यापुरत्या नव्हत्या. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सुटलो खरे, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्या लग्नाचा प्रश्न संसदेवर सोपवला. म्हणजे मी गुन्हेगार नाही, पण माझी जोडीदार फॉर्मवर अजून ‘मैत्रीण’च. ‘प्राइडमध्ये राजकारण कशाला’ म्हणणाऱ्यांनो, यासाठी!

फुटपाथवरच्या एका आजींनी विचारलं, “कसला मोर्चा गं?” सांगितलं. “बरं. पाणी पीत राहा, ऊन आहे,” म्हणाल्या.

पुढच्या वेळी आईलाही विचारणार आहे, येतेस का म्हणून. नाहीच म्हणेल. तरी विचारणार.