मोठ्या अक्षरातल्या ओव्या

दिवसा मी कॅसिनोच्या जाहिराती करते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे श्रद्धेबिद्धेबद्दल जे लिहीन ते वाचून कुणी मला फार सात्त्विक समजायला नको. पणजीत एका लहानशा ऑफिसात बसून मांडवीतल्या बोटींसाठी सोनेरी अक्षरं, उडणारी नाणी आणि खोटं हसणारी जोडपी मांडायची, ही माझी नोकरी. रात्री म्हापशाच्या खोलीवर त्याच लॅपटॉपवर चर्चची फुकटातली कामं. नोव्हेनाचं, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं पत्रक, नाताळच्या गोठा स्पर्धेची सूचना, क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेची पुस्तिका. एकदा घाईत फॉन्ट बदलायचा राहिला आणि 'येशूला मृत्युदंडाची शिक्षा होते' ही ओळ जॅकपॉटच्या अक्षरांत छापून गेली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी मात्र चौदाच्या चौदा स्थानं मान खाली घालून फिरले.

मी वसईची. घरात कादोडी ही आमची बोली, चर्चमध्ये मराठी, शाळेतही मराठी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत असते यात काही विशेष आहे, हे वसईत असेपर्यंत कधी जाणवलंच नाही. आजोबांच्या कपाटात 'सुवार्ता' या आमच्या ख्रिस्ती मासिकाचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले असायचे आणि टिळकांची भजनं पेटीवर म्हणताना रेव्हरंड टिळक प्रोटेस्टंट होते, आपण कॅथलिक, हा हिशेब कुणी मांडायचं नाही. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा मी कॉलेजात होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, आणि आमच्याकडे मात्र आपलाच कुणी घोड्यावर बसल्यासारखा आनंद.

गोव्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "तूं क्रिस्तांव न्ही? मागीर मराठी कित्याक उलयता?" तिला खरंच कोडं पडलं होतं. इथे मराठी म्हणजे देवळातलं भजन, मराठी म्हणजे हिंदूंचा पेपर. ख्रिस्ती माणसाने कोकणी बोलावी आणि तीही रोमी लिपीत लिहावी. भाषेवरून या भूमीत किती डोकी फुटली आहेत हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेली. रविवारी मिस्साला गेले. गायनाचं पुस्तक रोमीत. पहिल्या कडव्यात मी दोन ओळी मागे, दुसऱ्यात चार. तिसऱ्याला नुसतं तोंड हलवलं. प्रार्थना समजत होती, पण ती माझ्या तोंडातून निघत नव्हती.

पुढे कळलं की वसई, सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर अशा ठिकाणांहून कामाला आलेल्या मराठी लोकांसाठी महिन्यातून एकदा एका चॅपेलमध्ये मराठी मिस्सा होते. पंचवीस-तीस माणसं. त्यांत नर्स, रिसॉर्टवरचे कामगार, आणि सावंतवाडीकडच्या एक मावशी, ज्या दर वेळी पहिल्या बाकावर बसतात आणि उपदेश लांबला की उघडपणे घड्याळ बघतात.

पोप फ्रान्सिस यांनी सिनडसाठी, म्हणजे चर्चच्या विचारविनिमयाच्या सभेसाठी, जगभरच्या सामान्य लोकांचं म्हणणं मागवलं, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला मी राहते तिथल्या चर्चमध्येही बैठक झाली. चर्चचं नूतनीकरण कसं व्हावं, ते रंगीत चिकटचिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला लावा, असं सांगितलं. पिवळ्या चिठ्ठ्या तरुणांच्या. जवळजवळ सगळ्यांवर तेच: गिटार, ड्रम, प्रोजेक्टर, इन्स्टाग्राम. मीही 'चांगलं डिझाइन' असं लिहिलं, आता आठवलं की लाज वाटते. एका म्हाताऱ्या बाईंनी लिहवून घेतलं होतं: माईक कमी करा, आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नाही. सगळे हसले. चिठ्ठ्या गोळा करून एका पाकिटात गेल्या, पुढे त्यांचं काय झालं देव जाणे. प्रोजेक्टर मात्र आला. माझं मत विचाराल तर प्रोजेक्टर आल्यापासून लोक गातात कमी आणि भिंत वाचतात जास्त.

त्या बाईंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नाही.

शाळेत फादर स्टीफन्सचा धडा होता. मोगरा, कस्तुरी, हिरा अशा उपमा देऊन मराठीचं कौतुक करणारा इंग्रज, एवढंच लक्षात राहिलेलं. इथे आल्यावर त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'ची, म्हणजे ओव्यांत सांगितलेल्या बायबलकथेची, देवनागरी प्रत हातात घेतली ती निव्वळ घरची आठवण येते म्हणून. १५७९ साली हा माणूस गोव्यात आला, इथेच चाळीस वर्षं राहून १६१९ मध्ये वारला. पुराण १६१६ साली दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, रायतूरला छापलं गेलं. छापायला मराठी अक्षरांचे खिळे नव्हते, म्हणून सगळं रोमी लिपीत. म्हणजे भाषा मराठी, अक्षरं रोमी, गाव गोव्यातलं. माझ्या मैत्रिणीला पडलेलं कोडं चारशे वर्षांपूर्वीच छापून झालं होतं!

अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत त्यात. अध्यायाला तो 'अवस्वरू' म्हणतो. पण मला थांबवलं ते सुरुवातीच्या एका प्रसंगाने. साष्टीत पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असतो, तिथे ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण येतो आणि विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग वेळ घालवायला, वाचायला दुसरं काही देणार आहात की नाही? किती साधी तक्रार! आणि तिच्यामागे काय काय दडलेलं आहे. पाडलेली देवळं, जाळलेल्या पोथ्या, १५६० पासून सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. पोथ्या जाळणारं चर्च आणि ओव्या लिहिणारं चर्च एकच होतं, ही गोष्ट मला गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. स्टीफन्स संत होता असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाची तक्रार त्याने ऐकली, आणि उत्तर पोर्तुगीजमध्ये न देता त्याच्या छंदात दिलं.

याच सुमारास पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आंजेलो द फोन्सेकांची चित्रं पाहिली. गोव्यातल्या सांतइस्तेव्हचा हा चित्रकार, १९०२ चा जन्म. शांतिनिकेतनात शिकला, परत येऊन मरियेला साडी नेसवली, तिला आपल्याकडच्या बायांचा सावळा रंग दिला. गोव्यातल्या तेव्हाच्या ख्रिस्ती मंडळींना ते रुचलं नाही. तो पुण्याला ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमात जाऊन राहिला आणि १९६७ मध्ये वारला तोवर चितारत राहिला. त्या मरियेच्या पदराची घडी बघत मी बराच वेळ उभी होते. तिच्या मांडीवरचं बाळ खरंच जड वाटतं.

आणि मग मी माती खाल्ली. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पोस्टरवर नऊवारीतली दुःखी मरिया काढली. चर्चच्या एका समितीवाल्यांनी व्हॉट्सअपवर लिहिलं, "ही देवी वाटते, बदला." दोन दिवस मी स्वतःला फोन्सेकांच्या रांगेत बसवून रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोस्टर पुन्हा उघडलं. चित्र वाईट होतं. लावणीच्या जाहिरातीसाठी केलेली जुनी आकृती उचलून मी तिच्या डोळ्यांत पाणी घातलं होतं, नथसुद्धा काढायला विसरले होते. त्या गृहस्थांचं कारण चुकीचं, पण निकाल बरोबर. परंपरेचे कपडे चढवले की कला होते, असा माझा समज होता. समई लावली, आरती ओवाळली, झालं भारतीयीकरण! कॅसिनोसाठी मी दिवसभर हेच तर करते, नाणी काय आणि नथ काय.

पोस्टर सोडलं आणि ओव्या धरल्या. मराठी मिस्साच्या मंडळींनी एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर दुःखसहनाच्या चाळीसेक ओव्या गाव्यात, असं फादरांना सुचवलं. समितीचं म्हणणं, हे भजन वाटेल. फादर म्हणाले, वाटू दे, पण टाळ नको, आणि चॅपेलच्या आत नको. पाणंदीतल्या क्रूसापाशी बसा. मला आधी राग आला. आत नको म्हणजे काय? आता वाटतं, त्यांनी नकळत उपकारच केले.

चाल कुठून आणायची? आमच्या घरमालकांच्या शेजारी एक बुवा राहतात, कदंबच्या बसवर कंडक्टर होते, आता एकादशीला देवळात पेटी घेऊन बसतात. घरात कोकणी, पेटीवर तुकाराम. त्यांना पानं दाखवली. चष्मा लावून दोन ओव्या पुटपुटल्या आणि म्हणाले, "अगे, हें आमच्या पुराणाभशेन दिसता मगे!" मग तीन संध्याकाळी बसून त्यांनी भीमपलासात चाल बांधली. सुंदर होती. इतकी सुंदर, की आमच्यातल्या कुणालाच जमेना. तालमीला नर्स मुली अंतऱ्यावर घसरायच्या, मी तर सम कुठे येते तेच शोधत राहायची. बुवा संयमाने पुन्हा सांगायचे, पुन्हा तेच.

शेवटच्या तालमीला मावशी आल्या. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "गो बाय, ह्या बारीक अक्षरां माका दिसनत नाय. तू वाच." मी वाचत गेले. चौथ्या-पाचव्या ओवीला त्या माझ्या मागून गुणगुणायला लागल्या. चाल कुठली, तर त्यांची आई जात्यावर म्हणायची ती. तीन चरण सरळ जातात, चौथा आखूड, तिथे आवाज खाली येतो आणि थांबतो, खुंटा फिरून आपल्या बाजूला आल्यासारखा. ओवी मुळात जात्यावरचीच की! मी इतकी पुस्तकं चाळली आणि हे डोक्यात आलं नव्हतं. बुवांनी पेटीचा भाता सोडून दिला. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हेंच घेया." तीन संध्याकाळींची मेहनत त्यांनी एका शब्दात बाजूला ठेवली. मला पोस्टर बाजूला ठेवायला तीन दिवस लागले होते, तेही रडून.

शुक्रवारी पाणंदीत चटया टाकल्या. माईक नव्हता. क्रूसाला कुणीतरी अबोलीचा हार घातलेला, पायथ्याशी मेणबत्त्या, त्यांच्याभोवती वारा अडवायला विटा. मावशी एक ओवी म्हणायच्या, आम्ही मागून. बाराव्या ओवीला मी ओळ चुकले, पण कुणी थांबलं नाही, त्यामुळे मीही थांबले नाही. समोरच्या घरातल्या हिंदू बाया आधी ओट्यावर उभ्या होत्या, मग तिथेच बसल्या, आणि मरिया क्रूसाखाली उभी आहे त्या ओव्यांना चौथा चरण त्याही धरायला लागल्या. बुवा मागे स्कूटरवर टेकून उभे. आक्षेप घेणारे समितीवालेही आले होते. ते गायले नाहीत, पण गेलेही नाहीत.

प्रार्थना करताना मला कायम शंका असते की मी स्वतःशीच बोलते आहे. त्या दिवशी शंका गेली असं मी म्हणत नाही, पण तासभर तिच्याकडे लक्षच गेलं नाही. ओव्या संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. कुणाला काय करावं सुचेना, तेवढ्यात मावशी उठल्या, गुडघे दाबले आणि चटई गुंडाळायला लागल्या. घरी पोचले तर ऑफिसचा मेसेज वाट बघत होता: वीकेंड ऑफरचा बॅनर, नाणी अजून मोठी हवीत. रात्री अकरा वाजता केली मोठी.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसायचं ठरलं आहे. काल मावशींचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, "गो, कागद काढलंस? अक्षर मोठा कर. आणखी मोठा." बत्तीसच्या टाइपात पानावर पाचच ओव्या बसतात, चाळीस ओव्यांना आठ पानं. माझ्यातल्या डिझायनरला ते पान अजिबात सोसत नाही, समास नाही, मोकळी जागा नाही. प्रिंटरची शाई संपत आली आहे, उद्या ऑफिसातून निघताना नवी घेऊन यायची.