विंग ट्यूब बदलताना

जानेवारीत बडोद्यात रिमोटवरचं मॉडेल विमान उडवायचं कोणी मनातही आणत नाही. चौदाला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण, त्याआधी पंधरवडाभर पोरांचा सराव, आणि नंतर कितीतरी दिवस शेतांच्या कुंपणांवर आणि बाभळींवर लोंबणारा मांजा. प्रॉपेलरमध्ये मांजा गुंडाळला गेला की इंजिन हवेतच बंद. त्यामुळे मोठी दुरुस्ती आम्ही मंडळी याच दिवसांत काढतो.

यंदा टेबलावर होतं ८८ इंची पंखांचं, साठ सीसी पेट्रोल इंजिनाचं एरोबॅटिक विमान. सेकंडहँड. आधीचे मालक मुलाकडे कॅनडाला गेले, जाताना मला देऊन गेले. इंधनासकट वजन आठ किलो. एवढं विमान गाडीत मावावं म्हणून पंख सुटे होतात, आणि फ्यूजलाजमधून, म्हणजे विमानाच्या धडातून, आरपार जाणारा एकच पाइप दोन्ही पंखांना धरतो. तीच विंग ट्यूब. पंखांच्या मुळाशी नायलॉनचे बोल्ट असतात, पण त्यांचं काम पंख बाहेर सरकू न देणं एवढंच. वाकवणारा सगळा भार ट्यूबवर येतो.

संशय आला तो पंख चढवताना. डावा पंख ट्यूबवर सरळ सरकायचा नाही. ट्यूब थोडी फिरवली की एका ठरावीक जागी मात्र निमूट आत जायचा. असं झालं की ट्यूब वाकलेली आहे असं खुशाल समजावं. जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ती लोटून पाहिली, तर मधोमध खालून उजेड दिसत होता. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी एक, लांबी ९००.

मकरपुरा जीआयडीसीत माझ्या ओळखीचे एक लेथवाले भाई आहेत. त्यांनी कानस मारून बघितलं आणि म्हणाले, “आ तो बारीनो माल छे, साहेब.” म्हणजे खिडक्यांच्या सेक्शनचं अ‍ॅल्युमिनियम, ६०६३. मग विचारलं, “एरबसनुं काम छे के?” ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरबसच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना सुरू झाल्यापासून बडोद्यात विमानाचा कुठलाही तुकडा हातात दिसला की हा प्रश्न येतोच.

घरी येऊन हिशेब मांडला. पंखांचं स्वतःचं वजन त्यांचं ते उचलतात. ट्यूबवर येतं ते बाकी विमानाचं. माझ्या विमानात दोन्ही पंख मिळून २.२ किलो, म्हणजे उरले ५.८. जोरात खेचलेल्या लूपला, म्हणजे हवेतल्या उभ्या गोल फेरीला, आठ जी (वजनाच्या आठपट भार) धरला तर साधारण ४६ किलो, एका पंखाला २३. हा भार मुळापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर एकवटतो असं मानलं, तर मुळाशी वाकवणारा जोर १०० न्यूटन-मीटरच्या जरा वर जातो. २५ बाय १ च्या ट्यूबमध्ये त्याने २३५ मेगापास्कलचा ताण येतो. ६०६३-टी६ साधारण २१४ ला कायमचं वाकतं, त्याहून मजबूत मिश्रधातू ६०६१-टी६ पावणेतीनशेच्या आसपास. आकडे ढोबळ आहेत, पण काचेखालचा उजेड कुठून आला ते सांगायला पुरेसे.

पहिला उपाय म्हणजे चांगल्या धातूची, जाड भिंतीची ट्यूब. ६०६१ मिळालं, पण एक इंची, १६ गेज. एक इंच म्हणजे २५.४, आणि ते २५ च्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पंखातल्या ज्या नळीत ट्यूब सरकते तिच्यात, जाणार नाही. हाताने पॉलिश पेपर मारून चार दशांश काढता येतात असं सांगणारे भेटतात. त्यांनी काढून दाखवावेत, ते पण गोल राखून. लेथवर एवढी लांब पातळ नळी धरली की ती थरथरते आणि अंगावर लाटा उमटतात. भाईंनी शेजारच्या गाळ्यात सेंटरलेस ग्राइंडिंगला दिली, तिथे नळी टोकांना न धरता दोन चाकांमध्ये फिरवून घासतात. परत आली ती बरोबर २५.००, भिंत १.४ उरलेली. त्याच भाराला ताण १७५ च्या आसपास उतरला. वजन मात्र १८३ ग्रॅमवरून २५६ वर गेलं.

एरोबॅटिक विमानात सत्तर ग्रॅम म्हणजे गेले उडत म्हणता येत नाही, निदान मला. म्हणून कार्बनची चौकशी सुरू केली. इथे एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत: पलट्रूडेड नळीत सगळे धागे लांबीच्या दिशेने असतात. वाकताना ती ताठ वाटते, पण मुळाच्या रिबपाशी (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळीपाशी) दाब आला की बांबूसारखी उभी चिरते. विंग ट्यूबला रोल-रॅप्ड, म्हणजे कार्बनचे थर गुंडाळून केलेलीच घ्यावी, तिच्यात आडवे थरही असतात. २५ बाय १.५ ची ९०० मिलिमीटर नळी १६० ग्रॅमच्या आत बसते, म्हणजे मूळच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलकी.

कार्बन कापताना जागेवर टेप गुंडाळावी, बारीक अब्रेसिव्ह चकती वापरावी, पाणी सोडत राहावं आणि मास्क लावावाच. ती पूड फुप्फुसात जाण्यासारखी असते आणि कातडीला दोन दिवस खाजवते. कापलेल्या तोंडांना पातळ सीए (सुपरग्लू) पाजलं, दोन्ही टोकांत आणि फ्यूजलाजच्या दोन्ही भिंतींपाशी आतून लाकडी डट्टे इपॉक्सीने बसवले. मुळाजवळ भोक पाडायचं नाही. धरून ठेवणारा स्क्रू लागलाच तर तो बाहेरच्या टोकाशी, जिथे वाकवणारा जोर जवळजवळ शून्य असतो.

खरं काम पुढे होतं, आणि या सगळ्या खटाटोपात मी सर्वात जास्त वेळ त्याच्यावरच घातला. पंखातली मूळ स्लीव्ह रेझिन पाजलेल्या कागदाची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आखडते, आणि वर्षानुवर्षांच्या काढघालीने मुळाचं तोंड अंडाकृती होतं. माझ्या स्लीव्हचं तोंड २५.६ भरलं. अशा ढिल्या तोंडात जगातली सगळ्यात ताठ ट्यूब घातली तरी पंख हलणारच, आणि हलणारा पंख वेगात फडफडायला वेळ लावत नाही. शिवाय ३५ सेंटिमीटर आत गेलेली ट्यूब स्लीव्हच्या बाहेरच्या टोकाला २५-३० किलोने ढकलत असते. ताठ ट्यूब घातली की तिथली रिब आधी बोलते. म्हणून आच्छादन थोडं उघडून त्या रिबला दोन्ही बाजूंनी प्लायची कडी आणि वर काचेच्या कापडाची पट्टी दिली.

तोंड भरण्यासाठी ग्राइंड केलेली अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब साचा म्हणून कामी आली. तिला मेणाचे बरेच हात देऊन घासून चमकवली. स्लीव्हच्या तोंडाला आतून खरखरीत करून सावकाश जमणारं इपॉक्सी कापसाच्या भुकटीने दाट करून लावलं, ट्यूब आत घातली, जास्तीचं पुसलं. पण त्याआधी दोन्ही पंख विमानाला चढवून, टोकांची जमिनीपासूनची उंची जुळवून, शेपटीच्या खुंटीपासून दोन्ही टोकांपर्यंत दोरा धरून अंतर सारखं केलं. ट्यूब दोन्ही पंख एका रेषेत ठेवते, पण पंखाचा कोन तिच्या हातात नसतो. तो मागची पिन ठरवते. डिजिटल अँगल गेजवर दोन्ही पंख एकसारखे दिसेपर्यंत पिनच्या भोकाशी खटपट केली आणि मग रात्रभर कोणी हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं.

सकाळी ट्यूब हलेना. बायकोने फ्रीजरमधला सगळा बर्फ काढून दिला, वर टोमणाही दिला. ठेचलेला बर्फ आणि मीठ ट्यूबमध्ये ठासलं. २५ मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम तीस अंश थंड झालं तर व्यास दोन शतांश मिलिमीटरही कमी होत नाही, पण मेणाची पकड सुटायला तेवढं पुरतं. मुठीने ठोकल्यावर आवाज करत सुटली. कार्बनची ट्यूब त्याच तोंडात हवा दाबत, मऊ सरकत गेली.

उडवण्याआधी विमान उलटं करून फ्यूजलाज गाद्यांवर टेकवलं आणि प्रत्येक पंखावर १७ किलो वाळू छोट्या पिशव्यांत रचली, मुळाकडे दाट, टोकाकडे विरळ. हे सहा जी झालं. भाचा कान लावून बसला होता, कुठे कडकड ऐकू येते का म्हणून. आली नाही.

रिमोटचे सिग्नल घेणारा रिसीव्हर ट्यूबच्या अगदी खाली होता, तो मागे सरकवला. कार्बन २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल अडवतो, म्हणून अँटेनाची दोन्ही टोकं ट्यूबपासून लांब आणि एकमेकांना काटकोनात ठेवली. मग रेंज टेस्ट, आणि फेब्रुवारीअखेर मांजा कमी झाल्यावर मैदान. हरणी विमानतळामुळे आम्ही शहरापासून बरेच लांब, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात जातो. तिथे ४०० फुटांची मर्यादा.

पहिल्या उड्डाणात एलेरॉनला (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांना) विमान सरळ उडावं म्हणून रिमोटवर अर्धा क्लिक ट्रिम लागला. लूप, मग नाइफ-एज (एका कुशीवर उड्डाण), मग जरा जोरात खेच. आता संध्याकाळी पंख काढले की ट्यूबवर नाण्याने टकटक करून ऐकतो, कारण अ‍ॅल्युमिनियम वाकून सांगतं, कार्बन न सांगता तुटतो. आवाज कुठे बोदा आला की ट्यूब बाद. ग्राइंड केलेली अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब त्या दिवसासाठी गाडीतच ठेवलेली असते.