सिग्निफिकंट आलं तरी माझं तोंड असं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं डेटा घेऊन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, "पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, आता तरी हसा की!"

पी व्हॅल्यू म्हणजे खरोखर काही संबंध नसताना निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून ठळक निकाल दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या, खाली आली की निकालाला 'सिग्निफिकंट' म्हणायची पद्धत.

नाही हसू येत. नल हायपोथेसिस, म्हणजे 'काही संबंधच नाही' हे गृहीतक, खोटी असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही, हे सांगून सांगून घसा बसलाय, पण खरं कारण ते नाहीच.

माझा एमएचा प्रबंध परीक्षेची भीती आणि झोप यावर होता. ६० मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, पी आली ०.०७. गाइड म्हणाले अजून थोडे घेऊन बघ. दहा घेतले, ०.०६. अजून दहा, ०.०४. थांबले! आणि प्रबंधात लिहिलं 'नमुना ८०', जणू पहिल्यापासून तेच ठरलं होतं. व्हायवाला बाहेरच्या मॅडमनी विचारलं, ८०च का? मी म्हटलं, सोयीचा नमुना आहे मॅडम. त्यांनी मान डोलावली, पुढचा प्रश्न. सोयीचाच होता की, फक्त कोणाच्या सोयीचा ते त्यांनी विचारलं नाही.

आता यात खोटं काय? एकही प्रश्नावली मी घरी बसून भरली नव्हती. सगळेच असं करायचे, याला काही नाव असतं हेही तेव्हा माहीत नव्हतं. पण ६० वरच ०.०४ आली असती तर खात्रीसाठी अजून वीस घेतले असते का मी? छे. नको तो आकडा आला की पुढे जायचं, हवा तो आला की थांबायचं, असं दर वेळी डोकावत राहिलं तर चुकून सिग्निफिकंट यायची शक्यता ५ टक्के राहतच नाही, वाढते.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितल्याचं आलं, मूळचे ९७ सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के तसे आले. वाचून आधी हायसंच वाटलं, मी एकटी नाही म्हणून, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. बरं, भीतीचा न् झोपेचा संबंध खरा असेलही, पण माझ्या प्रबंधावरून ते कळणार नाही.

तर परवा तुम्ही आनंदानं म्हणालात, "आधी ०.०६ होती, दहा जण वाढवले आणि आली खाली!" किती जण घ्यायचे ते आधी कुठे लिहून ठेवलं होतंत का, एवढंच विचारायचं होतं. पण कुठल्या तोंडानं विचारू, म्हणून गप्प बसले.