रोज किल्ला चढता, मग गोळी कशाला?

"बाई, रोज अजिंक्यतारा चढता, तरी बीपीची गोळी?" साताऱ्यातल्या या किल्ल्याच्या वाटेवर 'चार भिंती' स्मारकापाशी दम खायला थांबलं की कुणी ना कुणी विचारतंच. एरवी मी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून पुढे होते. आज तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

चालणं माझ्या बीपीला पुरत नाही, म्हणून गोळी घेते. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू मी चालण्यालाच नावं ठेवली. मी नावं ठेवत नाही. या वयातही पहाटे पाचला उठून चढते, ते उगाच नाही.

सव्वीस वर्षं गणित शिकवलं, पण हे गणित स्वतःसाठी कधी मांडलं नव्हतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा वरचा आकडा 168 होता. नियमित चालण्याने तो साधारण 5 ते 8 ने उतरतो. मीठ कमी केलं की आणखी पाच-सहा, वजनातल्या दर किलोमागे साधारण एक. त्यातही सगळ्याची सरळ बेरीज होत नाही. करा वजाबाकी. आईला बीपी, वडील पक्षाघाताने गेलेले, माझी पाळी थांबलेली. यातलं काहीच किल्ला चढून बदलणार नव्हतं.

2019 मध्ये माझं पाच किलो वजन उतरलं होतं. लोणचं-पापड सुटले होते. तपासणीत 124/80 आलं आणि मला वाटलं, जिंकले. ते 124 गोळीसकट आहे हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी गोळी सोडली. घरात कुणाला सांगितलं नाही. हे दर महिन्याला पाकिटं आणायचे, मी ती मेथ्यांच्या डब्यात टाकायचे. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, हाच पुरावा धरून बसले. अहो, 168 होतं तेव्हा तरी कुठे काही जाणवलं होतं?

चौथ्या महिन्यात एका सकाळी चढताना जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हटलं. घरी आले तर घाम थांबेना, डावा खांदा जड झालेला. छातीत कळ नव्हती, त्यामुळे हृदयाचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. ओवा चावला आणि भाकऱ्या थापायला बसले. तिसऱ्या भाकरीला हात परातीतून उचलेना. लेक माहेरपणाला आली होती, तिने गाडीत घातलं. सहाला दुखायला लागलं होतं, दवाखान्यात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते.

बीपी 196/112. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी "हो" म्हणाले. लेक शेजारी उभी होती.

ईसीजी झाला, अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिनी उघडी ठेवायला एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसला. त्या साडेतीन तासांत हृदयाचा जो स्नायू गेला तो गेलाच. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तेवढा भाग अजून नीट हलत नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीने घरी वरणाला फोडणी द्यायला मेथ्यांचा डबा उघडला. आत पंधरा-पंधरा गोळ्यांची आठ पाकिटं. संध्याकाळी ती माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, "आई, तू डॉक्टरांना हो म्हणालीस." बाकी काही बोलली नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तरी त्या वेळच्या मला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती घाबरली होती. वडिलांना अंथरुणावर खिळलेलं तिने पाहिलं होतं आणि आयुष्यभराची गोळी म्हणजे त्याच वाटेवरचं पहिलं पाऊल असं तिला वाटत होतं. तिच्या सवयी चुकीच्या नव्हत्या. पण मग मी तिला विचारते, गोळी आणि चालणं यांतलं एकच निवड असं तुला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

गोळी सोडली नसती तर झटका टळला असता का? डॉक्टर म्हणतात, चाळिशी ते सत्तरीच्या माणसांत 115/75 च्या पुढे दर 20/10 ला हृदयविकाराने दगावण्याचा धोका दुप्पट होतो. हे हजारो माणसांचे आकडे. माझ्या एकटीचं उत्तर मला त्यात सापडत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर तर आधीपासूनच साचत आला असणार. बीपी थोडंच जास्त असेल तर काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि बीपी मोजत राहून. डब्यात लपवून नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी सहसा सांगत नाही. गोळीची सवय लागते, असं तेव्हा चार भिंतींपाशी बसून मीच सगळ्यांना सांगायचे. माझं ऐकून दोघींनी गोळ्या सोडल्या होत्या. एकीने मला दवाखान्यात बघितलं आणि परत सुरू केल्या. दुसरी अजून म्हणते, "मला कुठे काय होतंय?" परवा तिच्याकडे बीपीचं यंत्र घेऊन गेले. पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, मध्ये बोलायचं नाही, सगळं समजावलं. तिने चहा केला, पण दंडाला पट्टा बांधू दिला नाही. यंत्र तिच्या टीपॉयवरच ठेवून आलेय.